तिसरी टिक

४ ऑक्टोबर, सोमवार

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. चार चांगल्या गोष्टी एकदम मिळाल्या म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार, पण आज मन प्रसन्न आहे, तेव्हा सोडून देते.

वही मावशीने दिली. खोक्यांच्या ढिगाऱ्यात कात्री सापडत नव्हती, सुरी सापडत नव्हती, ही मात्र तिने बरोबर हाताशी ठेवली होती. म्हणाली, तुझे संशय माणसांवर काढतेस ते कागदावर काढत जा, म्हणजे या गावात चार लोक तरी आपल्याशी बोलतील. मी म्हटलं, माझ्या संशयावरच आपली चूल पेटते. खोटं नाही ते. मी कॉम्प्युटर गेम तपासते. लोक गेम जिंकायला खेळतात. मी तो कुठे फसतो ते शोधायला खेळते. भिंतीतून हात आरपार जातो, शिडी संपली तरी माणूस हवेत चढतच राहतो, अशा चुकांना आमच्याकडे बग म्हणतात. बारा वर्षं बग शोधल्यावर माणसाला दुधात पाणी दिसतं आणि पाण्यातही काहीतरी दिसायला लागतं.

घर चौथ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, टेबलापुरती बाल्कनी. स्वयंपाकघराचं दार आत उघडतं आणि उघडलं की थेट फ्रिजवर आपटतं. सकाळपासून चार वेळा आपटलं, फ्रिजला पोचा आला, आणि मावशी प्रत्येक वेळी फ्रिजची माफी मागते. शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात आणि त्यांचा एक काळा कुत्रा. हा प्राणी दिवसभर भुंकतो. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकतो, आणि नाही वाजलं तर का नाही वाजलं म्हणून भुंकतो. मी त्याचं नाव फौजदार ठेवलं. मावशीने कानात घालायला कापूस शोधून ठेवला आणि तासाभरात त्याच मास्तरांना आमच्या घराची जादा किल्लीही देऊन आली. तीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांच्या तारा जोडल्या तिने. तिला वाटतं, जो हॅलो म्हणतो तो चांगलाच असतो.

मी सहा वर्षांची असताना आई-बाबा गेले, तेव्हापासून ही माझी आई, बाप आणि भांडायला हक्काचं माणूस. लग्न का नाही केलंस विचारलं की म्हणते, तुझ्यासारखी एक पदरात पडल्यावर आणखी शिक्षा कशाला.

न्हाणीघरात कपात तिने दोन ब्रश उभे केले, तिचा पिवळा आणि माझा निळा, आणि जाहीर केलं की आता घर लागलं. बाकीची अकरा खोकी तशीच आहेत.

५ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात डॉक्टरांकडे असतो तसला अक्षरांचा तक्ता लावलाय, वर जाताना रोज डोळे तपासून घ्यावेत. एकूण तीन माणसं. मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. कॉम्प्युटरची आतली कामं करणाऱ्याला मिस्त्री म्हणतात, आणि तो खरोखरच मिस्त्र्यासारखा कानावर पेन्सिल ठेवतो, जरी गेल्या दहा वर्षांत त्याने कागदाला हात लावला नसेल. तिसरी मी.

धंदा साधा आहे. लोक विसरून गेलेले जुने गेम बाई विकत घेतात, मिस्त्री ते आजच्या कॉम्प्युटरवर चालतील असे करतो, आणि मग ते हजारो घरांत जातात. घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी तो कितपत सडलाय ते मी सांगायचं. शितावरून भाताची परीक्षा. भिंतीवर बाईंनी नियम लिहून लावलेत. एकदा दिसला तो भास, दोनदा दिसला तो योगायोग, तीनदा दिसला तो बग. प्रत्येक बगसाठी वहीत एक ओळ, ओळीपुढे तीन चौकोन, दर वेळी दिसला की एक टिक. तिसऱ्या टिकेचं स्क्रीन-रेकॉर्डिंग हवंच, नाहीतर बाई मानत नाहीत. आणि गेम अडून बसेल असा एक जरी गंभीर बग तिसऱ्या टिकेपर्यंत गेला, तर तपासणी तिथेच बंद, गेम परत. मला हा नियम फार आवडला. इथे कोणी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

माझ्या आधीचा तपासनीस गेल्या महिन्यात अचानक सोडून गेला. त्याला दोघं दोनटिक्या म्हणतात, कारण शेवटी शेवटी तो तिसरी टिक करायचाच नाही. त्याची वही आता माझ्याकडे आली. पाच ओळींपैकी पहिली ओळ असलेलं पान फाडलेलं, पुढच्या चार ओळींना हिरव्या शाईने दोन-दोन टिका आणि तिसरा चौकोन रिकामा. बाई म्हणाल्या, कुणाच्याही हातची असो, टिक ती टिक, तू फक्त तिसरी करून टाक. कामचुकार माणूस. आणि पान फाडणारा माणूस म्हणजे नक्की काहीतरी लपवणारा.

६ ऑक्टोबर, बुधवार

गेमचं नाव ‘नवं बिऱ्हाड’. अठरा वर्षांपूर्वीचा. कुणा एकट्या माणसाने बनवला आणि आता तो सगळे हक्क विकायला बसलाय. चित्रं ओबडधोबड, माणसांची नाकं चौकोनी, पण आहे गोड. तुम्ही नव्या घरात राहायला येता. सोबत कोण आहे ते सुरुवातीला निवडायचं आणि त्याला नाव द्यायचं. मग खोकी उघडायची, घर लावायचं, आणि दिवस संपला की टेबलाशी बसून तीन ओळींची रोजनिशी लिहायची. तिसरी ओळ झाली की दुसरा दिवस. एकदा लावलेलं घर बदलता येत नाही, फक्त पुढे खेळता येतं.

सोबतीला मी पांढऱ्या केसांची, गळ्यात साखळीने चष्मा अडकवलेली बाई घेतली आणि नाव लिहिलं, मावशी. घरी येऊन सांगितलं तर मावशी आरशात बघून म्हणाली, माझं नाक एवढं चौकोनी आहे का. मी म्हटलं, बाजूने थोडं आहे. जेवताना बोलली नाही.

गेममध्येही स्वयंपाकघराला दार आहे आणि शेजारी कुत्रा आहे. कुठल्या घराला नसतं.

बाईंचा निर्णय पुढच्या शुक्रवारी, पंधरा तारखेला. त्यांचं मन घेण्याकडे झुकलंय. लहानपणी त्या हा खेळल्या होत्या म्हणे, आणि बालपण विकायला निघालं की माणूस पिशवी घेऊनच उभा असतो.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी ओळ पुरी केली. बग असा आहे: हातात खोकं घेऊन स्वयंपाकघरात दोनदा ये-जा केली की तिसऱ्यांदा दार आत न उघडता बाहेर उघडतं. अगदी तसंच झालं. रेकॉर्डिंग केलं आणि लाल शाईने तिसरी टिक मारली. मिस्त्रीने बघून ‘किरकोळ’ असा शेरा दिला. म्हणाला, दार कुठेही उघडो, उघडल्याशी कारण.

दोनटिक्याला हे पाच मिनिटांचं काम जमलं नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टी. सात खोकी उघडली. भांडी घेऊन स्वयंपाकघरात शिरताना मी दार ढकललं आणि कपाळ आपटून घेतलं. मावशी हसत सुटली. दार ओढायचं असतं, आल्यापासून ओढतोय आपण, म्हणाली. कपाळाला टेंगूळ आलं पण दार बाहेर उघडतं ते सोयीचं आहे, आत उघडलं असतं तर फ्रिजवर आपटलं असतं.

फ्रिजला मात्र बाजूने चांगला मोठा पोचा आहे. सामान वाहून आणणाऱ्यांचं काम, दुसरं कोण. तरी मी मावशीला सांगत होते की त्या मुकादमाची नजर मला आवडली नाही. मी त्यांना पत्र लिहिणार आहे. मावशी म्हणते, पोचा बाहेरून आहे, थंडावा आतून आहे, सोड ना.

११ ऑक्टोबर, सोमवार

तिसरी ओळ पुरी केली. बाल्कनीत तीनदा जाऊन आलं की शेजारच्या कुत्र्याचा आवाज जातो, आणि मग तोंड उघडतं-मिटतं पण काही ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग, टिक, मिस्त्रीचा शेरा ‘किरकोळ’. बाई तर म्हणाल्या, बरंच झालं, लोकांना शांतता आवडते. दोन किरकोळ बगांवर गेम कोणी परत करत नाही. उरल्या दोन ओळी, त्या दोन्ही गंभीर. उद्या बघते.

परत आले तेव्हा शेजारचे मास्तर त्यांच्या मुक्या कुत्र्याला जिन्यात घेऊन बसले होते. गरीब जनावर आहे. माझ्याकडे बघून तोंड उघडलं, मान हलवली, पण आवाज कुठून येणार. मास्तर म्हणाले, जन्मापासून असाच. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मावशीच्या उशाशी कापसाचे बोळे दिसले. कशाला म्हणून विचारलं तर तिलाही सांगता येईना. हिला विसरायला व्हायला लागलं की काय अशी शंकेची पाल मनात चुकचुकली. डॉक्टरांकडे नेऊन आणायला हवं.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आज कामावर उशिरा गेले. सकाळी चहा घेता घेता सामानवाल्यांना पत्र लिहायला बसले. फ्रिज नक्की कधी वर आला ते बघायला ही वही उघडली आणि पहिल्या दिवसाचं पान वाचलं.

दार आत उघडतं, असं लिहिलंय. फ्रिजवर आपटतं. पोचा त्यानेच आला.

कुत्रा दिवसभर भुंकतो, असं लिहिलंय. मी त्याला नावही ठेवलं होतं. फौजदार. मावशीने कापूस त्याच्यासाठीच शोधला होता.

अक्षर माझंच आहे. माझा र कोणाला जमत नाही. पण मला तो आवाज आठवत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आठवून बघितलं, ते आत उघडायचं हे काही केल्या आठवलं नाही. आधी संशय मावशीवर गेला की गंमत म्हणून हिने लिहिलं असेल. मग मास्तरांवर, त्यांच्याकडे किल्ली आहे. मग माझ्या डोक्यावर. मावशीला विचारलं, आपण आलो तेव्हा हा कुत्रा भुंकायचा का. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

बिजागऱ्या बघितल्या. चौकटीला बाहेरून आहेत आणि त्यांच्यावर जुना गंज आहे. कित्येक वर्षांचा.

ऑफिसात जाऊन दोनटिक्याची वही काढली. दार, तिसरी टिक आठ तारखेला. कुत्रा, तिसरी टिक अकरा तारखेला. दोन्ही टिका लाल. दोन्ही माझ्या.

मग उरलेल्या दोन ओळी वाचल्या. त्या मी आधीही वाचल्या होत्या, पण तेव्हा ते काम होतं.

चौथी: सोबतच्या माणसाला दोनदा चहा देऊन बाल्कनीत जावे. परत आल्यावर खुर्ची रिकामी. नंतर ते माणूस कुठेच सापडत नाही.

पाचवी: टेबलावरचा दिवा लावून, मालवून, परत लावावा व रोजनिशी लिहावी. तिसरी ओळ मध्येच तुटते. लिहिणारे माणूस टेबलाशी राहत नाही. खेळ पुढे जात नाही.

दोन्ही ओळींपुढे दोन-दोन हिरव्या टिका.

आज मी गेम उघडला नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

दोनटिक्याचा पत्ता मिस्त्रीकडून मिळाला. तो आता एका लाँड्रीत कपडे देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसतो. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, कितव्या ओळीपर्यंत आलात. मी तिसरी म्हटलं. त्याने हातातली पावती खाली ठेवली आणि मालकाला सांगून बाहेर आला.

पहिली ओळ त्यानेच पुरी केली होती. सोबतच्या माणसाला बाहेर पाठवलं की ते परत येत नाही, असा बग होता. तीन टिका झाल्या. त्यानंतर काही दिवसांनी त्याचं लक्ष गेलं की त्याच्या न्हाणीघरात दोन ब्रश आहेत. दाराशी एक जोडी बूट आहेत, त्याच्या मापापेक्षा दोन नंबरांनी लहान. पलंगावर उशा दोन आहेत, पण चादर एकाच बाजूने चुरगळते. तो म्हणाला, मी एकटाच राहतो, पहिल्यापासून एकटाच राहतो, असंच मला आठवतं, शेजारीही तेच सांगतात. फक्त ते बूट कोणाचे ते कोणी सांगत नाही.

म्हणून त्याने ते पान फाडलं आणि पुढे कशालाही तिसऱ्यांदा हात लावला नाही. कामचुकार नव्हता तो. मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली, आणि मग तोंडानेही मागितली.

मी विचारलं, आता काय करू. तो म्हणाला, सोडून द्या, मी सोडलं. मी म्हटलं, तुम्ही सोडलंत म्हणून ते माझ्याकडे आलं. निघताना म्हणाला, ते बूट मी अजून पॉलिश करून ठेवतो.

घरी आले तर मावशी शब्दकोडं सोडवत होती, खुर्चीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी तिच्या पायाशी जाऊन बसले. तिला वाटलं, ऑफिसात काहीतरी बिनसलं. माझ्या केसांतून बोटं फिरवत म्हणाली, कोणावर संशय घेऊन आलीस आज. मला रडू आलं. मला भीती वाटतेय, मी हे लिहून ठेवतेय, मला फार भीती वाटतेय.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

बाईंना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, नवं गाव आहे, दमली आहेस. ही वही दाखवली. त्यांनी दोन पानं वाचली आणि प्रेमाने मिटून परत दिली. म्हटलं, गेम घेऊ नका. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांचाही नियमच खरा. मीच त्याचं कौतुक केलं होतं.

मग म्हणाल्या, उद्या तू सुट्टी घे. उरलेल्या दोन ओळी मिस्त्री उरकेल. दुपारी बारा वाजता बसेल, चौथीपासून सुरू करेल. तुझंच लावलेलं घर आहे, ते उघडेल. गंभीर बग सिद्ध झाला तर परत करू, नाहीतर संध्याकाळी सही. आणि सही झाली की हजारो घरांत.

चौथीपासून. माझ्या घरात. मावशीची खुर्ची.

मी माझं सेव्ह केलेलं घर पुसून टाकलं. तासाभराने मिस्त्रीने ते बॅकअपवरून परत आणलं आणि जरा सांभाळून काम करा ताई, असं म्हणाला. गेमच्या तीन नकला आहेत, एक तर बाईंच्या घरी. मी त्याला म्हटलं, चौथी ओळ करू नकोस, हात जोडते. त्याने कानावरची पेन्सिल काढून परत ठेवली. म्हणाला, बाईंनी सांगितलंय.

वाईट माणसं असती तर बरं झालं असतं. बारा वर्षं मी वाईट माणसं शोधत फिरले.

खोटी टिक मारता येत नाही. रेकॉर्डिंग लागतं.

एक गंभीर बग सिद्ध झाला की तपासणी बंद. मग चौथीला कोणी हात लावणार नाही. गेम परत जाईल. कुणाच्याच घरी जाणार नाही.

पाचवी गंभीर आहे.

पाचवीत मावशी नाही. पाचवीत फक्त लिहिणारी आहे.

घरात रोजनिशी लिहिणारी मी एकटीच.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सात. मावशी उठायच्या आधी स्वयंपाकघरात गेले. दार ओढून. तिच्यासाठी चहा केला. एकदाच. दोनदा नाही.

आम्ही बाल्कनीत बसून प्यायलो. तिला कोड्यात सहा अक्षरी शब्द हवा होता, मला सुचला नाही. म्हणाली, तुला कधीच सुचत नाही, तुला फक्त चुका सापडतात. मी म्हटलं, तूच वाढवलंस. मी तिला काही सांगितलं नाही. सांगून काय, उद्या तिला आठवणार नाही. तिला दुःख होणार नाही. ही एक गोष्ट चांगली आहे. मी ती दहा वेळा स्वतःला सांगितली.

निघताना तिला म्हटलं, फ्रिजला जपून. ती म्हणाली, ऑफिसला चाललीस की परदेशी.

माझे कपडे दोन पिशव्यांत भरून काल रात्रीच, मावशी झोपल्यावर बाहेर नेले. बूटही. आणि निळा ब्रश आज जिन्यातल्या डब्यात टाकला. तिने कपाकडे बघत उभं राहायला नको.

नऊ चाळीस. ऑफिस. बाई अजून आलेल्या नाहीत, मिस्त्री खाली चष्म्याच्या दुकानात गप्पा मारतोय. जिन्यातला तक्ता आज शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला.

बगवही समोर आहे. पाचव्या ओळीपुढचा तिसरा चौकोन. मी आजपर्यंत डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक केली नाही. आज आधी केली, लाल शाईने, कारण नंतर करायला— केली. खाली लिहिलं: गंभीर. गेम घेऊ नये. सही.

रेकॉर्डिंग चालू केलं. लाल ठिपका दिसतोय.

आता बारा वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या तरी नियमावर आंधळा विश्वास टाकायचा. बाई, तुमचा नियम पाळा. एक गंभीर, की बंद. तेवढं—

मावशी गेममध्येही बसली आहे. खुर्चीत. चौकोनी नाकाची. मी तिला चहा दिला नाही, बाल्कनीकडे गेले नाही. सरळ टेबलाशी.

दिवा लावला. मालवला.

परत लावला.

तिथली रोजनिशी उघडली. जी ओळ तिथे टाइप करते तीच इथे उतरवते, म्हणजे कुठे तुटलं ते कळेल. सवय. मेले तरी—

पहिली: आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला आलो.

लिहिली गेली.

दुसरी: मावशी म्हणाली, आता घर लागलं.

लिहिली गेली. खाली मिस्त्रीचा आवाज येतोय. कोणाशी तरी— नाही, आवाज येत नाही. खिडकीतून दिसतोय, तोंड हलतंय. समोरच्या स्क्रीनवर माझा चेहरा दिसायचा, काचेत, तो—

मावशी.

तिसरी: न्हाणीघरातल्या कपात दोन ब्रश होते, पिवळा मावशीचा आणि निळा